कार्डाइतकं मोठं दुखणं

सुमनताई, तुझं कार्ड चाललं. हे आधी सांगतो, कारण शुद्धीवर आली असतीस तर पहिलं हेच विचारलं असतंस.

मोठ्या शहरातल्या त्या दवाखान्यात तुझ्या सुनेने, कविताने, कार्ड काउंटरवर ठेवलं. तिथल्या मुलीने नंबर टाकला आणि मान हलवली. कोणी आगाऊ पैसे मागितले नाहीत, कोणी दारात थांबवलं नाही. खाट मिळाली, श्वासाचं यंत्र मिळालं, मेंदूचे डॉक्टर येऊन बघून गेले. मग एक जण मोबाइल घेऊन आला. "पेशंटचा फोटो लागतो क्लेमसाठी. चेहरा जरा इकडे करा."

तुझ्या तोंडात नळी होती. कविता म्हणाली, "थांबा भैया. आईंचे केस सारखे करू द्या आधी."

तिने बोटांनीच केस मागे घेतले. त्याने फोटो काढला आणि पुढच्या खाटेकडे गेला. तुझा शेवटचा फोटो तो आहे, आणि तो घरात कोणाकडे नाही. एका फाइलीत आहे.

सगळं नियमाप्रमाणे झालं. तिसऱ्या दिवशी तू गेलीस.

आपला वाद अर्धा राहिला. तुझ्याशी वाद घालून जिंकल्याचं मला आठवत नाही, आणि या वेळी तू उत्तर द्यायला नाहीस, म्हणून तुझी बाजू आधी मांडतो. ज्याच्याविरुद्ध लिहायचं त्याचं म्हणणं आधी नीट घ्यावं, हे मी बातमीदारीत शिकलो.

तुझं म्हणणं एका जीपपासून सुरू होतं. आत्या, म्हणजे तुझी आई, पोटाच्या दुखण्याने तळमळत होती. ऑपरेशन हवं होतं. दवाखान्यात आधी पैसे भरा म्हणाले, आणि तेवढे नव्हते म्हणून तुम्ही तिला परत घेऊन निघालात. जीप बुऱ्हाणपुरात, शनवारा भागातल्या आमच्या घरासमोर थांबली, तिला पाणी पाजायला. आत्या मागच्या सीटवर आडवी, डोकं तुझ्या मांडीवर. मी तांब्या घेऊन बाहेर आलो तेव्हा तू एवढंच म्हणालीस, "दार लावून घेतलं रे त्यांनी." पाणी आत्याच्या ओठांवरून खाली सांडलं. तू ते पदराने टिपलंस आणि ड्रायव्हरला म्हणालीस, चला.

आत्या त्यातून उठली नाही. तू पुढे गावच्या शाळेत वर्षानुवर्षं शिकवलंस, निवृत्त झालीस, केळीच्या बागेत लक्ष घालू लागलीस. त्या जीपबद्दल इतकी वर्षं बोलली नाहीस. पण सरकारी विम्याचं कार्ड आलं आणि तुला ते दार आठवलं. आता कोणाची आई दारातून परत येणार नाही, हे तुझं म्हणणं. त्यात काही चूक नव्हतं. मी तेव्हाही चूक म्हटलं नव्हतं.

निंबोल्याच्या पुढच्या तुझ्या गावात कार्डं करून घेणं सोपं नव्हतं. बायका केळीच्या बागांत राबणाऱ्या. केळीचा चीक बोटांवर बसून काळा होतो आणि अंगठ्याच्या रेघा मशीनला दिसत नाहीत. तुझ्या ओट्यावर ते मशीन, शेजारी लिंबाच्या फोडी, मीठ आणि खोबरेल तेलाची वाटी. तू स्वतः एकेकीचा अंगठा धरून घासायचीस. मी एका सकाळी आलो तेव्हा रुख्माबाई बसली होती.

"बाई, घासून घासून हाड दिसाले लागलं," ती म्हणाली.

"दिसू दे. मशीनला रेघा पाहिजेत."

"केळीत काम करनारीच्या हातावर रेघा राह्यतात का बाई? नशिबाच्याबी पुसल्या."

"नशीब नंतर. आधी अंगठा."

मशीन टुक् करून वाजलं. ओट्यावर हशा झाला. रुख्माबाईने तिथल्या तिथे मशीनला हात जोडले. तू माझ्याकडे वळलीस. "पत्रकारसाहेब आले. लिही रे अरुण, किती कार्डं झाली ते लिही. निस्ता चहा पीत बसू नको."

"लिहितो. पण ताई, डॉक्टर किती झाले गावात?"

"झालं याचं सुरू! लग्नात आला तरी हा विचारेल, मांडवाला परवानगी घेतली का."

बायका पुन्हा हसल्या. मीही हसलो. नंतर रुख्माबाईच्या नवऱ्याचं हृदयाचं ऑपरेशन त्याच कार्डावर झालं. तो आज चालतो, फिरतो, बाजाराला जातो. हे मी बातमीत लिहिलं आणि त्याचं श्रेय तुला दिलं. तू फोन करून म्हणालीस, "माझं नाव कशाला टाकलं? अंगठा तिचा होता."

तुझी बाजू इथे संपते. आता माझी.

कार्ड गावात आलं आणि गावाने दुखण्यांची वाटणी केली. तुला हे माहीत होतं, कारण मी पहिल्यांदा ते तुझ्याच घरी ऐकलं. एक कार्डाचं दुखणं, दुसरं बिनकार्डाचं. भरती व्हावं लागतं, चिरफाड होते, खाटेवर झोपून फोटो निघतो, ते कार्डाचं. ताप, खोकला, रक्तदाब, साखर, पायाची जखम, चालत जाऊन दाखवायचं सगळं बिनकार्डाचं. कार्ड देव्हाऱ्यात गेलं. दसऱ्याला त्याला हळदकुंकू लागलं. लहानसहान कामाला ते काढायचं नाही, मोठ्यासाठी राहू द्यायचं, नाही तर झिजेल, असं बायका एकमेकींना सांगू लागल्या. तू त्यांना समजावायचीस, "अगं, झिजत नाही ते." पण तुझंही कार्ड देव्हाऱ्यातच होतं, बाळकृष्णाच्या मागे.

आणि खरं सांगायचं तर बायका फार चुकत नव्हत्या. लहानसहान कामाला ते चालतच नव्हतं. गावाने फक्त योजनेचा अर्थ तिच्यापेक्षा सरळ शब्दांत सांगितला: आधी आजार वाढवून आणा, मग बघू.

तुझं दुखणं बिनकार्डाचं होतं.

गावाबाहेर रस्त्याला लागून आरोग्य उपकेंद्र आहे, दोन खोल्या आणि पुढे पायऱ्या. दर गुरुवारी तिथे सिस्टर बसायच्या. त्या दिवशी गावात वेगळीच रांग लागायची. बायका बागेत जाता जाता घरची जुनी चप्पल पायरीवर ठेवून नंबर लावायच्या आणि कामाला निघून जायच्या. ज्या क्रमाने चपला, त्या क्रमाने माणसं. सिस्टर दारात येऊन ओरडायच्या, "ही निळ्या पट्ट्याची कोणाची? बोलवा तिला." तुझी काळी, अंगठ्याची, शाळेत घालायचीस ती. कोणीही कोणाची चप्पल पुढेमागे करत नसे. निवडणुकीच्या रांगेत भांडणारी माणसं त्या पायरीवर भांडली नाहीत.

तिथेच एका गुरुवारी तुझा रक्तदाब जास्त निघाला. सिस्टरांनी गोळी सुरू केली, पुढच्या गुरुवारी पुन्हा मोजला, त्यापुढच्या गुरुवारी पुन्हा. आकडा खाली आला. मला तुझं तेव्हाचं बोलणं आठवतं. सिस्टर म्हणाल्या होत्या, "बाई, मीठ कमी करा. शेव सोडा." आणि तू म्हणालीस, "सिस्टर, शेव सोडली तर बुऱ्हाणपूर सोडावं लागेल." तरी सोडलीस. मी शेव आणली तर मलाच वाटीत काढून द्यायचीस आणि समोर बसून मला खाताना बघायचीस. "कशी आहे? तिखट आहे का? लवंगेची आहे की साधी?" असं विचारत. इतकी आवड असलेली गोष्ट तू सोडलीस ती कोणाच्या सांगण्यावरून? जी बाई तुला दर गुरुवारी तोंडावर विचारणार होती, तिच्या. कार्डाने तुला कधी काही विचारलं नाही.

मग कार्डांची मोहीम जोरात आली. वरून आदेश आला आणि सिस्टरांना कार्डांच्या कामाला लावलं. आज देडतलाईकडे, उद्या आणखी कुठे. उपकेंद्राला कुलूप. रक्तदाबाचं मशीन आतल्या कपाटात, कपाटाची किल्ली सिस्टरांकडे, आणि सिस्टर लोकांचे अंगठे घेत फिरतात. हे वाक्य मी तुला एकदा फोनवर म्हणून दाखवलं होतं. तू म्हणालीस, "थोडे दिवसांचं काम आहे रे. झालं की येईल."

थोड्या दिवसांचं काम संपलं नाही. एक मोहीम संपली की राहिलेल्यांची मोहीम, मग नावं दुरुस्त करायची मोहीम. महिन्याच्या महिन्याला पत्रकारांकडे प्रसिद्धीपत्रक यायचं. कार्डं इतकी झाली, उद्दिष्ट इतकं होतं. त्यात कधीही नव्हतं की या काळात किती उपकेंद्रं बंद राहिली, किती जणांचा रक्तदाब कोणी मोजला नाही. तसं विचारलं तर समोरचा माणूस खरोखर गोंधळायचा. हा आकडा कोणी ठेवत नाही, कारण तो कोणी मागत नाही.

तुझ्या गोळ्या संपल्या. इथे वाचणाऱ्याला वाटेल, निवृत्त शिक्षिका, पेन्शन येते, बाग आहे, गोळ्या विकत घ्यायला काय झालं होतं? तू घेतल्यास. रिकामं पाकीट घेऊन शहरात मेडिकलवर गेलीस, दाखवलंस, त्याने "हीच कंपनी नाही, पण औषध तेच" म्हणून दिलं. गोळी महाग नव्हती. गोळी कधीच प्रश्न नव्हती. ती पुरते का, मोजल्यावर आकडा किती, अंगाला काही त्रास होतो का, हे विचारणारं माणूस गेलं होतं. मी फोनवर विचारायचो, "गोळी घेतेस ना?" तू म्हणायचीस, "घेते रे बाबा." मास्तरीण होतीस. कोणत्या प्रश्नाला किती उत्तर द्यायचं ते तुला ठाऊक होतं.

दाजींच्या आग्रहाने एकदा तू शहरातल्या एका खाजगी दवाखान्यात गेलीस. तिथून तरातरा शनवाऱ्याला माझ्याकडे आलीस. चप्पल न काढता आत आलीस, तेव्हाच मी समजलो. पाणीही घेतलं नाहीस.

"तो डॉक्टर मला म्हणतो, मॅडम, कार्ड आहे ना, मग दोन दिवस भरती होऊन जा. सगळे टेस्ट फ्री में होतील. म्हटलं, मला झालंय काय? तर म्हणे, तुम्ही टेन्शन नका घेऊ, कागदावर काहीतरी लिहून टाकतो. भरतीशिवाय कार्ड चालत नाही."

"मग?"

"मग काय? उठून आले. मी पोरांना जन्मभर नक्कल करू दिली नाही आणि आता स्वतः खोटी पेशंट होऊ? तिथे खरा आजारी माणूस बाहेर बाकावर बसलेला, आणि मी त्याच्या खाटेवर झोपून फोटो काढू?"

"नको झोपू. पण तपासणी तर करून यायची होतीस. पैसे देऊन."

"त्या माणसाच्या हाताने? नाही करणार. बघू. कटाई होऊ दे."

बागेत केळीची कटाई चालू होती, ट्रक भरले जात होते, दाजी एकटे. मी म्हणालो, "ताई, बघ तुझ्या कार्डाने तुला काय दोन रस्ते ठेवले. खोटं बोल आणि तपासून घे, नाही तर खरं बोल आणि घरी जा."

तू चिडलीस. "दोष त्या माणसाचा आहे. कार्डाचा कसा?"

"ज्या कार्डाला आजारी माणूस दिसत नाही, फक्त खाट दिसते, त्याच्याभोवती अशीच माणसं गोळा होणार."

"तुला सगळ्यातच खोट दिसते. आईला जीपमधून तू उतरवलं नव्हतंस. मी उतरवलं होतं."

तू उठलीस. दारात थांबून म्हणालीस, "पुढच्या वेळी येईन तेव्हा बोलू. आता बस चुकेल." वाद तिथे थांबला आहे.

आता उत्तर देतो, कारण तेव्हापासून शोधतो आहे. आत्याच्या वेळी दार बंद होतं, हे खरं. पण आत्याचं पोट महिनोन्महिने दुखत होतं. त्या काळात गावात तिला हात लावून बघणारं कोणी असतं, तर त्या दारापर्यंत जावं लागलं असतं का, हे आपण दोघांनीही कधी विचारलं नाही. आपण दोघांनी फक्त दार पाहिलं. तू ते उघडायला गेलीस आणि उघडलंस. त्याबद्दल तुझ्यापुढे हात जोडतो. पण दारापर्यंतचा रस्ता ओसाड पडला आणि सरकार दारावरचे हार मोजत बसलं. माझा राग या मोजण्यावर आहे. मोठ्या शहरातल्या खाटेसाठी तुझ्यावर जो खर्च मंजूर झाला, त्यावर कोणाच्या कपाळाला आठी पडली नाही. गुरुवारी एका सिस्टरला एका खुर्चीवर बसू देणं मात्र कोणाला परवडलं नाही.

आणि राग तुझ्यावरही आहे. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. कोण म्हणतं माहीत नाही, त्यांना तुझ्यासारखी बहीण नसावी. तुझे पाय सुजू लागले होते. हे मला आता कळलं, दाजींकडून. गोळीने सुजतात असं तूच ठरवलंस आणि गोळी बंद केलीस. सूज उतरली, तुला बरं वाटलं. डोकं दुखत नाही म्हणजे रक्तदाब नाही, असं दाजींना सांगितलंस. शाळेत अंदाजपंचे उत्तर लिहिणाऱ्या पोराला तू हातावर छडी द्यायचीस.

मोठ्या शहरातल्या डॉक्टरांनी कविताला विचारलं, "बीपीची गोळी चालू होती का?"

"पाय सुजले म्हणून बंद केली होती."

"बंद करायची नाही, बदलून घ्यायची. असं होतं त्या गोळीने. दुसरी मिळते."

"कोण बदलून देनार होतं, सर?"

डॉक्टर चांगले होते. त्यांनी खाली पाहिलं.

तू पडलीस ती ओट्यावर. समोर मशीन होतं, लिंबाच्या फोडी होत्या, कोणाचा तरी अंगठा तुझ्या हातात होता. बायका सांगतात, तू म्हणालीस, "थांब, मला दोन दोन दिसतंय," आणि बाजूला कललीस. गावातून गाडी शहरात, शहरातून पुढे. मेंदूत रक्त पसरलं होतं. आता तुझं दुखणं कार्डाचं झालं होतं. कार्डाइतकं मोठं झालं होतं. म्हणून ते चाललं.

एका कागदावर कुठेतरी तू लाभार्थी आहेस. योजनेने जिला उपचार दिले अशी एक. तुझा मृत्यू यशाच्या रकान्यात आहे, ताई, आणि ही वाक्यरचना माझी अतिशयोक्ती नाही.

तुझ्या तेराव्याला अंगणात सतरंज्या घातल्या होत्या. जेवणं झाली आणि सरपंच बोलायला उभा राहिला. माणूस वाईट नाही, तुझा विद्यार्थी. त्याचे डोळे भरले होते आणि ते खोटं नव्हतं. म्हणाला, बाईंनी गावाला कार्डं दिली, बाईंच्या नावाने मोठं कार्ड शिबीर घेऊ, नाव सुमनबाई स्मृती शिबीर, बॅनरवर बाईंचा मोठा फोटो. चांगला फोटो घरच्यांनी द्यावा. माना हलल्या. दाजी मांडी घालून बसले होते, त्यांचीही मान हलली.

बायकांच्या बाजूने कविताचा आवाज आला. "सरपंच भाऊ, शिबिराला सिस्टर येतील का?"

"येतील ना वहिनी! कार्डाच्या कामाले त्याच तर राह्यतात."

"मग बीपीचं मशीन आणतील?"

"त्या दिवशी नाही होनार. त्या दिवशी कार्डाचंच काम. गर्दी राहील."

"मग दुसऱ्या कोणत्या दिवशी?"

सरपंचाने माझ्याकडे पाहिलं, जणू हे मी शिकवलं. मी शिकवलं नव्हतं. तुझ्या या सुनेला मी वर्षानुवर्षं चहाचा ट्रे आणताना पाहिलं आहे. तिचं एवढं लांब वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होतो.

"वहिनी, वरून आदेश असतात. आपल्या हातात काय?"

"फोटो आपल्या हातात आहे," कविता म्हणाली. "तो नाही देत मी. सिस्टर गुरुवारी बसायला लागल्या की घेऊन जा. पाहिजे तेवढा मोठा लावा."

कोणीतरी पुरुष म्हणालं, "आज नको हे, तेरावा आहे." आणि रुख्माबाईने बसल्या जागेवरून त्याला उत्तर दिलं, "मंग काय आपल्या तेराव्याले बोलायचं का भाऊ?"

हशा झाला, ताई. तुझ्या तेराव्याला. तुझ्या ओट्यावर व्हायचा तसाच.

माणसं गेल्यावर सतरंज्या गोळा करताना दाजी खांबाला टेकून बसले. कपाळ चोळत होते. कविताने विचारलं, "बाबा, काय होतंय?"

"काही नाही. डोकं जड वाटून राहिलं दोनचार दिवसांचं."

"उद्या बुऱ्हाणपूरला चला. मोजून घेऊ."

दाजींनी हात झटकला. सवयीने बोलले, गाव बोलतं तसं. "छट्. हे काय कार्डाचं दुखणं आहे?"

बोलून झाल्यावर ते शब्द त्यांनाच ऐकू आले असावेत. त्यांनी हात खाली घेतला. कविता सतरंजीची घडी धरून तशीच उभी राहिली. तुला सांगतो, या गावात मी पुष्कळ सभा पाहिल्या, भाषणं लिहून घेतली. विम्याबद्दल इतकं नेमकं कोणी बोललं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कविता दाजींना शहरात घेऊन गेली. रक्तदाब जास्त निघाला. गोळी दिली आहे. महिन्याने पुन्हा दाखवा म्हणाले. महिन्याने कोण आठवण करणार, पाय सुजले तर कोण सांगणार की बंद करू नका, बदला? मी शनवाऱ्यातून फोन करेन आणि दाजी म्हणतील, घेतो रे बाबा. तू जिथे चुकलीस तिथून दाजी सुरू करत आहेत. वेगळं काही करायचं तर ते कुलूप निघालं पाहिजे. आपला वाद आता एवढाच उरला आहे, आणि तू असतीस तर त्यावर आपलं एकमत झालं असतं, असं मला मानायचं आहे.

आज गुरुवार. कविताचा सकाळी फोन आला, "मामा, याल का?" मी आलो. उपकेंद्राला कुलूप आहे, त्यावर गंज आहे. आणि पायऱ्यांवर चपला लागल्या आहेत. निळ्या पट्ट्याची, तुटका अंगठा दोऱ्याने शिवलेली, एक लहान मुलीची. बायका बागेत न जाता समोर सावलीत बसल्या आहेत. घोषणा नाहीत, फलक नाही. सरपंच मोटरसायकलवरून आला, थांबला.

"काहून बसल्या इथं? कुलूप दिसत नाही का?"

"नंबर लावला आहे," रुख्माबाई म्हणाली.

"सिस्टर नाही येनार आज."

"तुमी सांगा त्यांले. आमचा नंबर लागेल आहे म्हना."

त्याने चपलांकडे पाहिलं. मग थोडं बाजूला जाऊन कोणाला तरी फोन लावू लागला. कोणाला, ते मला माहीत नाही. लागला की नाही, तेही माहीत नाही. कळेल तेव्हा लिहीन.

सगळ्यात वरच्या पायरीवर, दाराला लागून, पहिल्या नंबरला तुझी काळी चप्पल होती. कोणी ठेवली, कोणी सांगितलं नाही. बायकांनी मनाने आणली असावी. मला वाटलं, राहू द्यावी. दाजींनाही वाटलं असावं, ते तिच्याकडे बघत होते.

कविता वर गेली. तिने ती चप्पल उचलली, पदराने पुसली आणि पिशवीत घातली.

"आईंचा नंबर निघून गेला," ती म्हणाली. "बाबा, तुमची काढा. इथे ठेवा."